नव्या पाण्यातला जुना कटला

पोळा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. चांदवडच्या डोंगराखाली एका पाझर तलावाच्या बांधावर पहाटे सहाला आम्ही दोघं पोचलो, मी आणि माझे नेहमीचे भोई मामा. तलाव नुकताच भरला होता. सांडव्यावरून बोटभर पाणी वाहत होतं आणि काठच्या बाभळी गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. मी सवयीनं दणदण पावलं टाकत पुढे निघालो, तर मामांनी मागून दंड धरला. "भाऊ, पाय हळू. आपल्याला तो दिसायच्या आत त्याला आपण कळतो."

मामांनी शाळेत जीवशास्त्र शिकलेलं नाही, पण ते बोलले ते शब्दशः खरं आहे. कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस या सगळ्या कार्प कुळातल्या माशांच्या पोटात हवेची पिशवी असते. तिच्या पुढच्या टोकापासून कानाच्या आतल्या भागापर्यंत बारीक हाडांची साखळी गेलेली असते. पाण्यात उठलेल्या कंपनानं पिशवी थरथरते, ती थरथर हाडं उचलतात आणि कानापर्यंत नेतात. म्हणजे माशाच्या पोटात एक ढोलकंच बसवलेलं आहे म्हणा ना. शिवाय अंगाच्या दोन्ही बाजूंनी जाणारी ठिपक्यांची रेघ पाण्याची जवळची हालचाल टिपते ती वेगळीच. बांधावर टाच आपटली की मातीतून कंप पाण्यात उतरतो. काठाशी चरणारा दहा किलोचा कटला तेवढ्यावर शेपूट वळवून खोल पाण्यात जातो, आणि तासभर तरी परत फिरकत नाही.

मोठा कटला गळाला लावणं हा नशिबाचा खेळ आहे, असं ज्यांनी कधी गळ टाकलेला नाही तेच म्हणतात. हंगामाच्या सुरुवातीला तर हा खेळ जवळजवळ पूर्ण पाण्याचा असतो. पाणी किती दिवसांपूर्वी आलं, कुठून आलं, किती गार आहे, वारा कुठल्या काठाला लागतोय, एवढं वाचता आलं तर मासा कुठे असेल ते निम्मं कळतं.

हंगामाची सुरुवात म्हणजे कधी, हाच पहिला प्रश्न. इंग्लंडात गोड्या पाण्यातल्या मासेमारीला 15 मार्च ते 15 जून बंदी असे; नद्यांवर ती आजही आहे, तळ्यांवरची मात्र 1990 च्या दशकात बहुतेक ठिकाणी उठली. म्हणून 16 जूनची पहाट हा तिथल्या गळवाल्यांचा सणच. मध्यरात्री बारा वाजता पहिला गळ पाण्यात पडायचा. आपल्याकडे मृग लागतो 7 किंवा 8 जूनला. तारखा जवळजवळ आल्या, कारणं मात्र उलटी. तिकडे थंड पाणी उन्हानं तापलं की कार्प जागा होतो. इकडे मे महिन्यात पाणी आधीच कोमट आणि आटलेलं असतं. मासा वाट पाहतो ती पावसाची. त्यांनी थर्मामीटर बघायचा, आपण नक्षत्र.

मृगाच्या पहिल्या दमदार पावसात ओढ्याचं गढूळ, गार पाणी तलावात शिरतं तेव्हा माशांची चढण सुरू होते. पाण्याच्या तोंडाशी, प्रवाहाच्या विरुद्ध मासे अंग घासत वर चढतात. लहानपणी ज्यांनी शेताच्या बांधावर हातानं मासे धरले आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. पण ही चढण जेवणासाठी नसते. मादीच्या पोटात अंडी तयार असतात, नराच्या पोटात मिल्ट म्हणजे रेत, आणि दोघांनाही वाहतं नवं पाणी हवं असतं. कटल्याच्या मादीत किलोमागे लाखाच्या आसपास अंडी भरतात, कधी त्याहूनही जास्त. चढणीला फावड्यानं मारलेली आठ किलोची मादी म्हणजे काय, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

श्रावणात मासे न खाण्याची आपली रीत माशांच्या विणीसाठीच आहे, असं हल्ली फार ऐकू येतं. ऐकायला छान वाटतं. पण पाऊस वेळेवर असेल तर चढणीचा जोर आषाढातच होऊन जातो, आणि आषाढात तर घरोघर ताटं भरलेली असतात. गटारी झाल्यावर बंद केलेलं खाणं विणीला फारसं उपयोगी पडत नाही. रीत पाळावी, त्याला हरकत नाही. विज्ञानाचं प्रमाणपत्र मात्र तिला द्यायचं कारण नाही.

गंमत अशी, की चांदवडच्या तलावातला कटला तलावात वाढतो, चढणीला धडपडतोही, पण तिथे त्याची पिढी सहसा होत नाही. कटला, रोहू आणि मृगळ हे तिघे मूळ गंगेच्या खोऱ्यातले मोठे कार्प. वीण घालायला त्यांना पुराची नदी लागते, तिचा वेग लागतो, पसरलेलं उथळ पाणी लागतं. अंडी पाण्यात निम्मी तरंगत वाहत जातात आणि अठरा-वीस तासांत फुटतात. साचलेल्या तळ्यात अंडी पिकतात, पण सुटत नाहीत. काही आठवड्यांनी शरीर ती परत जिरवून टाकतं. त्यामुळे पूर्वी बंगालमध्ये नदीतून माशांची पिल्लं गाळून आणायची आणि ती मडक्यांतून रेल्वेनं दूरदूर पाठवायची असा धंदाच होता. हे चित्र पालटलं 10 जुलै 1957 ला. ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूखालच्या पियूष ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातल्या कार्पकडून अंडी घालून घेतली. नदीनं जे इशाऱ्यानं करायचं ते सुईनं केलं. 10 जुलै हा देशभर मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात तो याच कारणानं. आज गावच्या तलावात सोडतात ती मत्स्यबीज केंद्रातून आलेली बोटुकली, म्हणजे बोटाएवढं पिल्लू, त्या सुईचीच वंशज.

सायप्रिनसचं मात्र वेगळं. मच्छीमार त्याला 'सिप्रनस' म्हणतात, आणि तो परदेशी पाहुणा आहे. 1939 मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत आणला, 1957 मध्ये बँकॉककडून दुसरी जात आली. याला पूर लागत नाही. काठच्या गवताला चिकट अंडी लावून मोकळा होतो. मैदानी भागात जानेवारी ते मार्च आणि मग पावसाळ्यात, असं वर्षातून दोनदाही. तळाचा चिखल तोंडानं उकरून खाण्याच्या त्याच्या सवयीनं तलाव गढूळ होतात, म्हणून अनेक जाणकारांचा त्याच्यावर राग आहे. माझाही थोडा आहे. पण युरोपात 'कार्प' म्हणजे हाच, आणि तिथल्या गळवाल्यांनी त्याला राजाच्या वर बसवला आहे. रिचर्ड वॉकर यांनी 13 सप्टेंबर 1952 ला हर्फर्डशायरमधल्या रेडमायर तळ्यात 44 पौंडांचा, म्हणजे सुमारे 20 किलोंचा सायप्रिनस धरला, तो मारला नाही, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात दिला. तिथे लोकांनी तिचं नाव ठेवलं क्लॅरिसा. ती पुढे जवळजवळ वीस वर्षं काचेआड पोहत राहिली. एका माशाला पाहायला रांग लागावी, ही गोष्ट मामांना मी सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वीस किलो? आणि विकला नाही?"

आपल्याकडे कार्पच्या मागे लागणाऱ्यांची परंपरा काही लहान नाही. महाराष्ट्रातल्या गळवाल्यांचं जुनं तीर्थ म्हणजे मुंबईचा पवई तलाव. 1891 मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव पिण्याच्या कामाचा फारसा उरला नाही, पण छंदी मासेमारीचा झाला. महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशनचं ठिकाण तिथेच आहे. त्याच्याही आधी, 1873 मध्ये हेन्री सुलिव्हन थॉमस नावाच्या मद्रास सनदी सेवेतल्या अधिकाऱ्यानं भारतातल्या गळाच्या मासेमारीवर 'द रॉड इन इंडिया' हे जाडजूड पुस्तक मंगळूरहून काढलं. त्यातला मानाचा मासा म्हणजे महाशीर. तोही कार्पच्याच कुळातला. खळाळत्या नदीचा, ताकदीचा, चांदी-सोन्याच्या खवल्यांचा.

आणि इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. दख्खनच्या महाशीराचं शास्त्रीय नाव आहे 'टोर खुद्री'. हे 'खुद्री' लॅटिन नव्हे. मुंबई इलाख्यात माहिती गोळा करणारा विल्यम हेन्री साइक्स हा लष्करी अधिकारी 1820 च्या दशकात दख्खन पायाखाली घालत हिंडला आणि 1839 च्या सुमारास त्यानं इथल्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली. मुळा-मुठेच्या काठी मच्छीमारांनी त्याला जे नाव सांगितलं तेच त्यानं शास्त्राच्या वहीत चढवलं. 'कोलस', 'नुक्ता', 'सींघाला', 'गोग्रा', 'इचकीया' ही नावंही अशीच आली, आणि आज जपानमधला किंवा ब्राझीलमधला मत्स्यशास्त्रज्ञ हीच नावं लिहितो. दोनशे वर्षांपूर्वीच्या कुण्या भोयाची, कोळ्याची बोली जगभरच्या संग्रहालयांतल्या बरण्यांवर चिकटलेली आहे. त्यांची स्वतःची नावं मात्र साइक्सनं कुठे नोंदवली नाहीत.

परत आपल्या पाझर तलावाकडे. चांदवड तालुका सातमाळ्याच्या रांगेवर बसलेला आहे. रांगेच्या दक्षिणेला पडलेला थेंब गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जातो, उत्तरेचा गिरणेतून तापीला आणि मग अरबी समुद्राला. पाणलोटाच्या माथ्यावर राहणाऱ्यांच्या वाट्याला नदी येते ती ओढ्याएवढी. म्हणून इथली वस्ती कायम साठवणीवर जगली: होळकरांच्या काळातल्या बारवा, मग पाझर तलाव आणि लघुपाटबंधारे, आणि आता द्राक्षबागांशेजारी प्लास्टिक अंथरलेली शेततळी. कांद्याला, द्राक्षाला उन्हाळ्यात पाणी देता देता तलावाचा तळ दिसू लागतो. तळ दिसला की मासा संपला. जो आहे तो ठेकेदार संस्था जाळं ओढून विकते, उरला तो बगळे-ढोकरी नेतात.

या तालुक्यातल्या माणसाला मोठ्या कटल्याचं एवढं अप्रूप का, ते यातूनच समजतं. बोटुकली चांगल्या पाण्यात वर्षाला किलोभर होते, पुढे वेग वाढतो. दहा-बारा किलोचा कटला म्हणजे चार-पाच वर्षं सलग, एकही उन्हाळा न चुकता, तलावाच्या मृतसाठ्यात एवढं पाणी राहिलं की त्याला अंग झाकता आलं. बंगालात किंवा कोल्हापूरकडे याचं कुणाला विशेष वाटणार नाही. इथे तलावात असा मासा सापडणं म्हणजे न आटलेल्या वर्षांची पावतीच.

आता तो शोधायचा कसा? कटल्याकडे बघा. डोकं अंगाच्या मानानं अवाढव्य, तोंड वरच्या दिशेला उघडणारं, ओठाशी मिशा नाहीत. वरच्या थरात तरंगणारे सूक्ष्म प्राणी कल्ल्यांच्या चाळणीतून गाळून खाणारा हा मासा. रोहूचे ओठ झालरीसारखे, तो मधल्या थरात. मृगळाचं तोंड खाली वळलेलं, तो तळाशी. सायप्रिनसला दोन्ही बाजूंना मिळून चार मिशा, तो चिखलात. एकाच तलावात तिघे-चौघे न भांडता राहतात ते या मजल्यांमुळे, आणि मिश्र मत्स्यशेतीचं सगळं गणित याच मजल्यांवर उभं आहे. तेव्हा कटल्यासाठी तळाला शिशाचं वजन टाकून बसणं म्हणजे तळमजल्यावर दार वाजवून वरच्या मजल्यावरच्या माणसाला हाक मारणं.

नवं पाणी आलं की पहिले काही दिवस कटला खाण्यात मंद असतो. गढुळलेल्या पाण्यात उजेड शिरत नाही, उजेड नाही तर शेवाळ नाही, शेवाळ नाही तर त्याच्यावर जगणारे सूक्ष्म जीव नाहीत. गाळ खाली बसायला आठ-पंधरा दिवस लागतात. मग नव्यानं बुडालेल्या गवत-पाचोळ्यातून खत सुटतं, पाण्याला हिरवट झाक येते आणि कटल्याची खरी पंगत सुरू होते. मामांची खूण सोपी आहे: कोपरापर्यंत हात बुडवायचा, बोटं दिसत असली तर पाणी अजून कोरं, मनगटच दिसेनासं झालं आणि रंग हिरवा असला तर बसायला हरकत नाही. मत्स्यशास्त्राच्या पुस्तकात हेच काम काळी-पांढरी तबकडी दोरीनं पाण्यात सोडून करतात.

प्राणवायूचाही हिशेब असतो. 20 अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसात. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री तोच श्वासासाठी वापरतं, म्हणून पहाटेच्या आधी पाण्यात तो सगळ्यात कमी. चार दिवस आभाळ भरून राहिलं तर पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडमिट करतात. नवखा म्हणतो, वा, मासा वर आलाय! तो जेवायला आलेला नसतो, श्वास घ्यायला आलेला असतो. अशा वेळी गळ टाकून उपयोग नाही. वारा सुटून लाटा उठल्या की पाण्यात हवा मिसळते, आणि वाऱ्याच्या समोरच्या काठाला वरचं कोमट पाणी, त्यातलं खाद्य, सगळं ढकललं जातं. सप्टेंबरात पश्चिमेचा वारा असला तर पूर्वेचा काठ धरावा. अंगावर वारा येतो, डोळ्यांत पाणी येतं, बूच नीट दिसत नाही, आणि मासा नेमका तिथेच असतो.

दुसरी एक सुरुवात थंडीनंतरची. शेजारच्या निफाडचा पारा दरवर्षी बातमीत येतो. चांदवडलाही डिसेंबर-जानेवारीत तलावावर पहाटे धुकं धरतं. मासा थंड रक्ताचा, पाणी गार झालं की त्याचं पचनही गार. महाशिवरात्रीच्या आसपास दुपारचं ऊन तापू लागतं तेव्हा उथळ काठाचं पाणी खोल पाण्याआधी गरम होतं, आणि दुपारी बारा ते चार हीच काय ती वेळ असते. इंग्लंडच्या वसंतात गळवाले जे करतात ते तंत्र आपल्याकडे या महिन्यात जसंच्या तसं लागू पडतं. पहाटे उठायची गरज नाही, हे मला फार आवडतं.

कार्पला जठर नसतं, हेही ध्यानात ठेवण्यासारखं. दात असतात, पण घशात. सापडलेलं तोंडात ओढायचं, चव घ्यायची, नको ते फुंकून टाकायचं, हवं ते घशात दळून थेट आतड्यात ढकलायचं. साठवायला कोठार नाही म्हणून थोडं थोडं, दिवसभर. त्यामुळे एकदम पाटीभर चारा ओतला की त्याचं भागतं आणि गळाकडे तो पाहतही नाही. शेंगदाण्याची पेंड, तांदळाचा कोंडा, मक्याचा भरडा, त्यात थोडी भाजलेली मेथी. मूठ-मूठ, अर्ध्या तासानं. कोंडा मुद्दाम कोरडाच ठेवतात. तो हळूहळू खाली उतरताना पाण्यात धुक्यासारखा पसरतो आणि कटला त्या धुक्यात तोंड उघडून शिरतो. त्याच धुक्यात पेंडीचा गोळा, गोळ्याभोवती चार-सहा बारीक गळ, वर बूच, खोली तीन-चार हात. कटला गोळा फोडून कण ओढून घेतो, कणाबरोबर गळ जातो.

ओढा आणि फुंका या सवयीवर इंग्रज गळवाल्यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीला एक नामी तोड काढली. आमिष गळावर लावायचंच नाही. गळाच्या दांडीला केसाएवढा बारीक दोरा बांधून त्यावर लोंबतं ठेवायचं. लेनी मिडलटन आणि केविन मॅडॉक्स यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. मासा आमिष ओढतो, मोकळा गळ मागोमाग आत जातो, फुंकताना टोक ओठात रुततं. मिडलटननं सुरुवातीला खरोखरच माणसाचा केस वापरला होता म्हणतात, म्हणून नाव पडलं 'हेअर रिग'. मामांना मी हा प्रकार करून दाखवला. त्यांनी तो दोरा दोन बोटांत धरून पाहिला आणि म्हणाले, सायप्रिनसला चालेल, कटल्याला नाही. बरोबर होतं. तळाशी ठेवलेल्या दाण्याशी कटल्याचा संबंध काय?

गळ टाकायच्या आधी एक चौकशी मात्र करायलाच हवी. गावचे बहुतेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात. बोटुकली त्यांनी पैसे घालून सोडलेली असते. त्यांना न विचारता छंद म्हणून काढलेला कटला हा चोरीचाच. परवानगी घेऊन धरला आणि परत सोडायचा असेल, तर हात आधी ओले करावेत, कारण कोरड्या हाताला माशाच्या अंगावरची बुळबुळीत साय निघून येते आणि तिथे बुरशी धरते. गळाचे काटे पकडीनं चेपून घ्यावेत. पोटाखाली हात द्यावा, जबड्याला धरून लोंबता ठेवू नये. फोटो एक पुरे.

त्या दिवशी आमचं बूच नऊच्या सुमारास हललं. आधी थोडं उचललं, आडवं झालं, मग तिरकं सरकत गेलं. मामांनी झटका दिला नाही, नुसती काठी उचलली. तंगूस पाण्यात सूं सूं करत कापत गेला. वीस मिनिटं तो मासा तलावाच्या मधल्या खोलात जाऊन बसत होता आणि मामा त्याला वाटाघाटी करून परत आणत होते. काठाला आला तेव्हा आधी डोकं दिसलं, घमेल्याएवढं. ताण-काट्यावर सव्वाअकरा किलो भरला.

संस्था मामांचीच, तेव्हा मासा सोडायचा प्रश्न नव्हता. मी फक्त एक खवला मागून घेतला. रुपयाच्या नाण्याहून मोठा. उन्हासमोर धरला तर त्यात गोल रेषा होत्या, झाडाच्या खोडात असतात तशा. जिथे वाढ थबकली तिथे दाट. आपल्या उष्ण मुलखात या रेषा थंड देशांतल्याइतक्या स्वच्छ उमटत नाहीत, थंडीबरोबर विणीच्या आणि उपासाच्याही खुणा त्यात मिसळतात. मी मोजल्या तर पाच वाटल्या, पुन्हा मोजल्या तर सहा. मामांनी खवल्याकडे पाहिलंही नाही. "2018 ला पाऊस गेला, पुढच्या उन्हाळ्यात या तलावात क्रिकेट खेळत होती पोरं," ते म्हणाले. "त्यानंतर सोडलेला आहे. पहिल्याच गाडीतला." आणि खिशातून सुतळी काढून त्यांनी मासा सायकलच्या कॅरिअरला बांधायला घेतला. डोकं घरी ठेवायचं आणि धड बाजारात, हे त्यांचं आधीच ठरलं होतं.